हळूबाईचे सोमवार आणि मंगळवार

सकाळी सव्वासातला सुतार आजोबांनी तिचं मनगट धरलं. तिच्या हातात त्यांचा दात घासायचा ब्रश होता, आणि आजोबांची पक्की खात्री झाली होती की ही बाई आपली पटाशी पळवते आहे.

"ठेव ती खाली. ए पोरी, ठेव म्हणतो ना!"

"आजोबा, ब्रश आहे हा. दात घासायचेत ना आपल्याला?"

"माझ्या हत्याराला हात लावायचा नाही!"

ब्याऐंशी वर्षांचा माणूस. स्वतःच्या बायकोचं नाव विसरलेला, सकाळ-संध्याकाळ यातला फरक विसरलेला. पण साठ वर्षं रंधा ओढलेला हात काही विसरला नव्हता. शिकंज्यात लाकूड धरावं तसं त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. मदतीची घंटा पलंगाच्या पलीकडच्या भिंतीवर होती, पोचता येणार नाही अशी. ओरडली असती तर कुणीतरी धावत आलं असतं. पण ओरडणं तिला जमेना. "सोडा ना आजोबा, सोडा," असं ती पुटपुटत राहिली. ती जितकी हात मागे ओढी तितकी पकड आवळत जाई. शेवटी चादरींची ढकलगाडी घेऊन दुसरी मदतनीस आली, तिने आजोबांच्या दुसऱ्या हातात टॉवेल कोंबला, आणि त्या गडबडीत सुटका झाली. सगळं मिळून पाच मिनिटं. एका अंगाला चार बोटांचे वळ, दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा.

त्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात ती नऊ वर्षं मदतनीस होती. अंघोळी घालणं, कपडे बदलणं, भरवणं, चालवणं, पडू न देणं. रहिवासी सगळ्याच बायांना सिस्टर म्हणत. सोबतच्या बाया मात्र तिला हळूबाई म्हणत. कारण ती दार लावी त्याचा आवाज येत नसे, चमचा ठेवी त्याचा येत नसे, आणि फोनवर बोलू लागली की पलीकडचा माणूस "हॅलो? हॅलो?" करत बसे. नाव चिकटलं. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. विसरण्याचा आजार झालेल्या माणसांना मोठा आवाज सोसत नाही, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर तिची हळुवार चाल उपयोगाचीच होती.

वळ आठवड्यात गेले, पण मन काही जागेवर येईना.

सकाळी बसमधून उतरलं की केंद्राची इमारत दिसायची आणि तिची चाल आपोआप मंद व्हायची. जिना चढताना ती मनात खोल्या मोजायची. एक, दोन, तीन, आणि चार नंबर म्हणजे सुतार आजोबा. चार नंबरच्या दाराशी आली की हात गार पडायचे. मग ती सोबतिणीला म्हणायची, "अगं, तू आज चार नंबर घेतेस? मी तुझे दोन्ही बाथरूम धुते." पहिल्यांदा सोबतीण हो म्हणाली, दुसऱ्यांदाही म्हणाली. तिसऱ्यांदा तिने हळूबाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "किती दिवस धुशील?"

भीती चार नंबरपुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण ती पसरली. बसमध्ये मागे कुणी उभं राहिलं की मान आखडायची. दुकानात सुट्टे परत देताना कुणाची बोटं लागली तरी ती दचकायची. घराला कुलूप लावून ती दोनदा परत फिरायची. नवरा फ्रिज दुरुस्तीची कामं करायचा, बोलका माणूस; त्याने ते सगळं पाहिलं आणि आधी चेष्टेवारी नेलं.

"अगं, आपल्या घरात चोर शिरला तर तोच दोन वस्तू ठेवून जाईल."

ती हसली नाही. तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"शाळेच्या व्यायामशाळेत वर्ग चालतात, मी पाटी बघितलीय. कराटे. जाऊन बघ की."

"मी? या वयात?"

"चव्वेचाळीस म्हणजे काही शंभर नव्हे. आणि केंद्रातल्या म्हाताऱ्यांना तू उचलतेसच ना?"

"अहो, पण कराटे शिकून मी काय आजोबांना मारू?"

"मारू नकोस गं. निदान कुलूप तरी एकदाच बघशील."

पाटीवर दोन वर्ग लिहिले होते. सोमवार आणि बुधवारी कराटे, मंगळवार आणि गुरुवारी आयकिडो. खाली बारीक अक्षरात: नवीन विद्यार्थ्यांनी दोन्ही वर्ग पाहून मगच नाव घालावे. नवऱ्याने आयकिडो हा शब्द दोनदा वाचला. "हे काय, पोटदुखीचं औषध आहे का?"

तिने सांगितल्याप्रमाणे दोन्ही पाहिले. नियम पाळणं तिच्या रक्तातच होतं.

सोमवारी ती भिंतीला टेकून लाकडी बाकावर बसली. पांढऱ्या पोशाखात वीसेक माणसं रांगा करून उभी होती. समोर सर. ते दिवसा पोस्टमनचं काम करत, पायऱ्या चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. ते आकडे मोजत आणि प्रत्येक आकड्याला वीस मुठी एकदम हवेत जात. रांगा सरळ, पावलं ठरलेली, कुठे बघायचं तेही ठरलेलं. हे तिला बरं वाटलं. मग दहाव्या आकड्याला सगळे एकदम ओरडले. काचा थरारल्या. हळूबाई बाकावरून निम्मी उठलीच. छातीतली धडधड थांबायला पाच मिनिटं लागली. आपल्यालाही असं ओरडावं लागेल, हे तिच्या ध्यानात आलं.

मंगळवारी मात्र तिची बोबडीच वळायची राहिली. त्याच चटया, तीच जागा, पण रांगा नाहीत. माणसं जोड्या करून उभी. एक दुसऱ्याचं मनगट धरायचा, दुसरा जागच्या जागी वळायचा, आणि धरणारा भिरभिरत चटईवर जाऊन पडायचा. मग उठून परत धरायचा. परत पडायचा. दीड तास नुसती पडापड. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवणाऱ्या. त्याही पडत होत्या, पाठीचा चेंडू करून लोळत होत्या आणि उठून केस सारखे करत होत्या.

आता हळूबाईच्या कामात पडणं या शब्दाइतका वाईट शब्द नव्हता. केंद्रात कुणी पडलं की घंटा वाजते, फॉर्म भरला जातो, नातेवाइकांना फोन जातो. पडलं म्हणजे खुबा मोडला, आणि खुबा मोडला म्हणजे पुढचं सगळ्यांना माहीत असतं. नऊ वर्षं तिने दिवसाचे आठ तास माणसांना पडू न देण्यात घालवले होते. आणि इथे लोक हौसेने पडत होते! शिवाय आधी मनगट धरत होते. बाकावर बसल्या बसल्या तिने आपलं मनगट दुसऱ्या हाताने झाकून घेतलं.

तिने कराटेला नाव घातलं.

पहिले दोन महिने तिला रडू यायचंच बाकी होतं. उजवा पाय पुढे म्हटलं की डावा जायचा. मूठ वळताना अंगठा आत राहायचा आणि सर येऊन तो बाहेर काढून द्यायचे. "ताई, असा मारलात तर तुमचाच अंगठा मोडेल." सगळ्यात मोठा घोर दहाव्या आकड्याचा. आठ म्हटलं की तिचं लक्ष श्वासाकडे, नऊ म्हटलं की नजर दाराकडे, आणि दहाला सगळे गरजायचे तेव्हा तिच्या तोंडून मांजर शिंकावं तसा आवाज निघायचा.

"घशातून नाही, ताई. पोटातून," सर म्हणायचे. "या आवाजाला किआई म्हणतात. तो समोरच्याला घाबरवायला नाही. आपला श्वास अडकू नये म्हणून."

आपला श्वास अडकतो हे या माणसाला कसं कळलं, म्हणून ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी तो आवाज आला. कसा आला तिचं तिलाच कळलं नाही. शेजारची बाई दचकून बाजूला सरकली. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काढून दाखव." तिने दाखवला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी खाली येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, आणि नवऱ्याने दारातूनच सांगितलं, "फ्रिजचा आवाज होता."

कुलूप ती आता एकदाच बघू लागली. बसमध्ये पाय किंचित फाकवून, गुडघे सैल सोडून उभी राहू लागली. चार नंबरची अदलाबदल बंद केली. दाराशी हात अजून गार पडत, पण ती आत जायची. आजोबांचा दिवस चांगला असला तर ते गप्प बसून अंघोळ करून घेत, वाईट असला तर शिव्या देत. धरायला त्यांनी दोन-तीनदा हात पुढे केला, तेव्हा ती पावलं टाकून मागे झाली. सर म्हणत तशी, अंतर राखून. ती स्वतःवर खूश होती म्हटलं तरी चालेल.

सर एक हालचाल पुन्हा पुन्हा करून घेत. समोरून हात आला की आपला हात कोपरात वाकवून आतून बाहेर फेकायचा, म्हणजे येणारा हात बाजूला उडतो. "शंभर वेळा करा. विचार करायला वेळ नसतो, हात आपोआप गेला पाहिजे." हळूबाई घरी ओट्यापाशी उभी राहूनही ती करायची.

पाचव्या महिन्यात एका सकाळी हात आपोआप गेला.

आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते, दिवस चांगला होता. ती त्यांच्या मोज्याचं टोक सरळ करून उठत होती आणि त्यांचा हात तिच्या गळ्याच्या दिशेने आला. तिने हात पाहिला एवढंच तिला आठवतं. दुसऱ्या क्षणी तिचं मनगटाखालचं हाड त्यांच्या हातावर आपटलेलं होतं आणि खोलीत तिचाच आवाज घुमत होता, पोटातून आलेला.

आजोबा मार खाल्ल्यासारखे नव्हे, मार खाऊनच बसले होते. हात छातीशी धरून.

"बटण," ते म्हणाले. "बटण लोंबतंय तुझं."

तिने खाली पाहिलं. गणवेशाचं वरचं बटण एका दोऱ्यावर लटकत होतं. जन्मभर सांधे आणि खिळे तपासलेल्या माणसाला सैल झालेली वस्तू दिसली होती, इतकंच.

ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होते. तिच्या डोळ्यांदेखत त्या कागदासारख्या कातडीखाली काळंनिळं पसरत गेलं. कोपराच्या खालपासून पार मनगटाकडे. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने की कशाने कोण जाणे. "मी काय केलं?" त्यांनी विचारलं. ती गुडघ्यावर बसली, बर्फाची पिशवी आणायला उठली, परत बसली, आणि घंटा वाजवली.

फॉर्म तिने स्वतः भरला. 'घटना कशी घडली' या ओळीत इनचार्ज बाईंनी सुचवलं, "रहिवाशाचा हात पलंगाच्या दांड्यावर आपटला, असं लिही. कुणी बघितलेलं नाही." हळूबाईची लेखणी दोन मिनिटं कागदावर टेकून राहिली. मग तिने लिहिलं: माझ्या हाताचा फटका लागला. ते बटण लावायला आले होते, मला वाटलं धरायला आले.

आजोबांची मुलगी चार दिवसांनी भेटायला येणार होती. ते चार दिवस हळूबाईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. कामावरून काढतील का, पोलीस येतील का, नऊ वर्षं पाण्यात गेली का. सगळ्यात वाईट म्हणजे तिचा तिच्या हातावरचा विश्वास उडाला. दुसऱ्या रहिवाशांना भरवताना ती हात अंगाशी आखडून धरू लागली, जणू तो आपला नाही, कुणाचं तरी जनावर आहे आणि कधी उधळेल सांगता येत नाही. आधी तिला दुसऱ्यांच्या हातांची धास्ती होती. आता आपल्याच हाताची.

मुलगी आली. पन्नाशीची, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करणारी, बारीक शरीराची बाई. तिने फॉर्म हातात घेतला आणि सवयीने पर्समधून पेन्सिल काढून ओळ न् ओळ वाचला. मग वडिलांच्या हाताकडे पाहिलं. चार दिवसांत काळ्याचं जांभळं आणि कडेला पिवळं झालं होतं.

"तुम्ही कराटे शिकता असं ऐकलं," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या वडिलांवर सराव करायला?"

हळूबाईने आपला हात पाठीमागे नेला.

"खरं लिहिलंत म्हणून मी तक्रार पुढे नेत नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मुळीच वाढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "पण या खोलीत तुम्ही एकट्या यायचं नाही. आजपासून."

इनचार्ज बाईंनी हळूबाईला तळमजल्यावर कपडे धुण्याच्या विभागात टाकलं. तिथे फक्त यंत्रं होती आणि चादरी होत्या.

सोमवारी ती सरांना सांगायला गेली की मी सोडते. रडू येईल म्हणून तिने वाक्य पाठ करून नेलं होतं. सरांनी ते पुरतं ऐकलं आणि मग बाकावर बसून त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. कुणाचा हात, कुठून आला, ती कशी उभी होती.

"दोष तुमचा नाही, ताई, आणि कराटेचाही नाही," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी. तुम्ही काय काम करता हे मी कधी विचारलंच नाही. कराटेत नवीन माणसाला मारणं आणि अडवणं लवकर येतं. पाच-सहा महिन्यांत हात चालायला लागतो. पण चालणारा हात मध्येच थांबवणं, ते यायला वर्षं लागतात. रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर हे चालतं. तुमच्याकडे अंगावर येणारा माणूसच तुम्हाला सांभाळायचाय."

"मग मी काय करू?"

"उद्या या. मंगळवार आहे."

"तिथे पडावं लागतं, सर."

"हो," सर म्हणाले. "पडावं लागतं."

चष्म्याच्या बाईंनी तिला काही गोड बोलून घेतलं नाही. "माझ्याकडे उशिरा येतं," त्या म्हणाल्या. "कराटेत तुला पाच महिन्यांत जेवढं आलं तेवढं इथे दोन वर्षांत यायचं नाही. पहिले सहा महिने तू नुसती पडशील. आणि रस्त्यावर कुणी मारायला आला तर इथलं एका वर्षाचं शिकणं शून्य कामाचं, आधीच सांगून ठेवते. पळून जा. बोल, राहतेस का?"

"मला कुणाला लागू द्यायचं नाहीये," हळूबाई म्हणाली.

"मोठ्याने बोल गं, ऐकू नाही आलं."

तिने परत सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि तिला चटईवर बसवलं.

तीन आठवडे ती फक्त बसूनच होती. बसल्या जागेवरून पाठीवर घरंगळायचं, हनुवटी छातीशी, हाताने चटईवर थाप. एवढंच. पण पाठ मागे जाऊ लागली की तिच्या डोळ्यांपुढे बाथरूमच्या फरशीवर पडलेली माणसं यायची, आणि अंग आपोआप ताठ व्हायचं. ताठ झालं की दणका बसायचा. घरी येऊन ती पालथी पडायची आणि नवरा पाठीला मलम चोळता चोळता म्हणायचा, "पोटदुखीचं औषध नव्हे, पाठदुखीचं कारण निघालं हे."

चौथ्या आठवड्यात बाईंनी आपलं मनगट पुढे केलं. "धर मला."

"मी?"

"तूच. घट्ट धर. त्या आजोबांनी धरलं होतं म्हणालीस ना, तसं."

धरणाऱ्याच्या जागेवर ती कधी उभी राहिली नव्हती. तिने धरलं. बाई हात ओढून घेतील म्हणून तिने पकड आवळली. बाईंनी ओढलाच नाही. उलट त्या तिच्याकडेच एक पाऊल आल्या, वळल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, दोघींची तोंडं एकाच बाजूला. हळूबाईला एकदम वाटलं की पायाखालची जमीन सरकली. दुखत काहीच नव्हतं. फक्त तोल कुठे ठेवायचा ते कळेना, आणि म्हणून ती त्या मनगटाला आणखीच चिकटून राहिली, बुडणारा माणूस धरतो तशी.

"आता कळलं, ते का सोडत नव्हते?" बाईंनी विचारलं.

हळूबाईने मनगट सोडलं. घरी जाताना बसमध्ये तिला उभ्या उभ्या रडू आलं.

आयकिडोच्या आठव्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर माणसं कमी पडली आणि तिला वर बोलावलं गेलं. चार नंबरमध्ये नेहमी दोघींनी जायचं असं ठरलं होतं, पण एका सकाळी सोबतीण पाणी आणायला बाहेर गेली आणि तेवढ्यात आजोबांनी हळूबाईचा हात धरला. हातात या वेळी कंगवा होता.

"माझी पटाशी."

तिचं काळीज लटलटलं. कानात घुं घुं सुरू झालं. आठ महिन्यांत भीती तसूभरही कमी झाली नव्हती, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. पण हात मागे गेला नाही. ती त्यांच्या दिशेने एक पाऊल सरकली, वळली, आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. समोर खिडकी.

"चला, शोधू या," ती म्हणाली. "शेवटची कुठे ठेवली होती?"

आजोबांनी विचार केला. "फळीवर."

पकड सुटली नाही. सैल मात्र झाली, नुसता आधाराला धरल्यासारखी. ते तसेच कॉरिडॉरभर चालले, प्रत्येक फळीपाशी थांबत. सोबतीण पाणी घेऊन आली ती बघतच राहिली. तिसऱ्या फेरीत आजोबा कशाला निघालो होतो ते विसरले आणि चहा मागू लागले. हळूबाई बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि दहा मिनिटं पाण्याखाली मनगट धरून उभी राहिली.

कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर आजोबांची मुलगी बसलेली होती, हे तिला नंतर कळलं. ती लवकर आली होती आणि तिने तिन्ही फेऱ्या पाहिल्या होत्या.

"सिस्टर, थांबा जरा," जिन्यात हाक आली. हळूबाईचे पाय जागीच खिळले. एकटी खोलीत होते, नियम मोडला, आता काही खरं नाही. ती खुलासा करू लागली, तर मुलीने हात वर करून तिला थांबवलं.

"रविवारी मी त्यांना घरी नेते," ती म्हणाली. "दर रविवारी ते मला धरतात. मी कुणाला सांगितलेलं नाही." तिने बाही वर केली. चार बोटांचे वळ, जुने आणि नवे. "ते तुम्ही वळून शेजारी उभ्या राहिलात, ते कराटेत शिकवतात?"

"नाही. ते आयकिडो."

"फरक काय?"

हळूबाईला असं समजावून सांगायची सवय नव्हती, आणि तेही या बाईला. पण दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि तिने जमेल तसं सांगितलं. कराटेत रांगा असतात, काय करायचं ते स्पष्ट असतं, अंगात बळ लवकर येतं, आणि ओरडायला शिकवतात. पण हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, ते तुमच्या वडिलांच्या हातावर तुम्ही पाहिलंच. आयकिडोत समोरच्याला लागत नाही, पण फार दिवस काहीच येत नाही, आणि सारखं पडावं लागतं. मला अजून एका खांद्यावरून पडता येत नाही, डाव्या. "तुम्ही आजोबांसाठी शिकणार असाल तर मंगळवारी या," ती म्हणाली. "मी असते."

मुलीने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग बाही परत खाली केली.

"अकरा वर्षं झाली, सिस्टर, मी त्यांचं करते आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षांत एकदाही आवाज चढवलेला नाही. त्यांच्यावर नाही, कुणावरच नाही. ते ओरडायचं कुठल्या दिवशी शिकवतात म्हणालात?"

"सोमवारी. पण पाटीवर लिहिलंय, दोन्ही बघून मग ठरवा."

"बघीन नंतर," मुलगी म्हणाली. "आधी सोमवार."

वर्ग सुरू करायच्या आधी तिने सरांना आपलं सगळं नीट सांगावं, घरी कोण आहे, कोण धरतं, एवढं हळूबाईने तिच्याकडून कबूल करून घेतलं. सरांनीही, असं कळलं, पहिल्या दिवशी तेच आधी विचारलं. मुलगी तिसऱ्या रांगेत उभी राहू लागली. तिला दहाव्या आकड्यापर्यंत थांबावंच लागलं नाही म्हणे. दुसऱ्याच आठवड्यात चौथ्यालाच ती अशी ओरडली की सरांच्या हातातली शिट्टी पडली. नंतर काही महिन्यांनी ती मंगळवारीही येऊ लागली.

सुतार आजोबा त्यानंतर दीड वर्ष होते. शेवटी शेवटी त्यांच्या हातांतली ताकद गेली आणि धरणं आपोआप थांबलं, तेव्हा हळूबाईच त्यांचा हात धरून बसायची.

आता तिला पन्नासावं लागलंय. दुसऱ्या मजल्यावर नवे रहिवासी आलेत, त्यातल्या एक आजी चावतात. रोज सकाळी त्यांच्या खोलीच्या दाराशी तिचे हात गार पडतात. ती ते गणवेशावर चोळून ऊबदार करते, कारण आजींना गार हात आवडत नाहीत, आणि दार वाजवून आत जाते.